कडुनिंबाखालची गाडी

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी पावणेआठ.

ही वही यळिनीची. तिला कॉलेजात कसल्याशा स्पर्धेत मिळाली आणि तिने ती माझ्यापुढे टाकली. "अम्मा, राहुकाळात तू नुसती पेनाचं टोपण चावत बसतेस. त्यापेक्षा काहीतरी लिही." पोरगी आगाऊ आहे, पण खोटं बोलली नाही. सतरा वर्षं मी या चड्डी-बनियनच्या कंपनीची खरेदी बघते आणि सतरा वर्षांत राहुकाळात एकाही ऑर्डरवर सही केलेली नाही. सोमवारी साडेसात ते नऊ, बुधवारी दुपारी बारा ते दीड, शुक्रवारी साडेदहा ते बारा. वार बदलला की वेळ बदलते. त्या दीड तासात जुनं निपटायचं, नवं काही सुरू करायचं नाही. मग वहीत लिहिणं हे नवं काम धरायचं का? काल चांगली वेळ बघून पहिल्या पानावर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, खूण काढून ठेवली. म्हणजे वही सुरू झालेली आहे, आता कधीही लिहिलं तरी चालेल.

सोमवारी राहुकाळ लागायच्या आत घर सोडायचं म्हणून मी सव्वासातलाच ऑफिसात येते. खिडकीतून फाटक दिसतं, फाटकाबाहेरचा कडुनिंब दिसतो आणि त्याखाली थांबलेल्या गाड्या दिसतात. राहुकाळात फाटकावरचा राखणदार माडसामी माल आत घेत नाही. कंपनी काढणाऱ्या मोठ्या अय्यांचा तसा हुकूम होता. अय्या जाऊन चार वर्षं झाली, हुकूम आहे तसा आहे. आत्ता कुळंदैवेल अण्णांची पिवळी गाडी उभी आहे, इलॅस्टिक घेऊन आलेत. मला बघून त्यांनी हात वर केला, मीही केला.

अय्यांचे चिरंजीव कदिर साहेब आज खरेदी खात्याला बोलावणार आहेत. काहीतरी नवीन यंत्रणा येतेय म्हणे.

८ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दोन.

आली यंत्रणा. गोदामात माल कमी झाला की ती आपणहून मागणी काढणार. कुणी माल कधी आणायचा, ती वेळ तीच ठरवणार. फाटकावर गठ्ठ्यावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की गाडी आल्याची वेळ नोंदली जाणार, आणि वेळ, दर्जा, भाव यांवरून प्रत्येक पुरवठादाराला शंभरपैकी गुण मिळणार. साठच्या खाली गेला की पुढच्या हंगामाला तो बाद.

कदिर साहेब म्हणाले, "परदेशातल्या ग्राहकाला तिकडे बसून दिसलं पाहिजे की त्याच्या पोराच्या चड्डीतलं इलॅस्टिक कुठून आलं आणि कधी आलं."

मी म्हटलं, "एवढं बघून तो चड्डी कधी घालणार?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि मग एसीकडे बघत म्हणाले, "या खात्यात सात माणसांची गरज उरणार नाही. तिघं पुरतील." त्यानंतर कुणी हसलं नाही.

मला त्या तिघांत असायचं आहे. यळिनीच्या कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत, पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नाही. भावावरून अख्ख्या तिरुपूरशी भांडलेली बाई घरी बसून करणार काय?

स्कॅनर आला. माडसामीने तो हातात धरून विचारलं, "मॅडम, आयुष्यभर काठी धरली, आता म्हातारपणी ही बंदूक?" महागाची वस्तू आहे, कुणी उचलून नेईल, म्हणून मीच तो साखळीने चौकीतल्या टेबलाला बांधून घेतला. साहेबांनी माझ्या सावधपणाचं कौतुक केलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी साडेबारा.

पुरवठादारांनी मोबाइलवर अर्ज भरायचा होता. दोन दिवस फोन खणखणतोय. "अक्का, हा पासवर्ड मागतोय, माझा की बायकोचा?" असले प्रश्न. माल आणायच्या सोयीच्या वेळा ज्याने त्याने निवडायच्या होत्या, आणि राहुकाळ कुणी निवडला नाही हे काय सांगायचं.

कुळंदैवेल अण्णांचा अर्ज मीच भरला. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मोबाइल बटणांचा आहे. मंगलम रोडला पत्र्याची शेड, बारा माग, नवरा-बायको आणि चार विणकर. ट्रकवाल्यांच्या संपात या माणसाने मोपेडच्या नऊ फेऱ्या करून आमचं इलॅस्टिक पोचवलं होतं. मी विचारलं, "अण्णा, वेळ कुठली टाकू?"

"अम्मणी, तुम्ही वेळ सांगायची, मी हजर राहायचं. आजपर्यंत दुसरं काय केलंय?"

"कोणतीही वेळ चालेल" यावर खूण केली.

१ मार्च, शुक्रवार. अकरा वाजता.

काल मोबाइलवर पहिला लिलाव झाला. कोण किती कमी भावात देतो, ते पडद्यावर सगळ्यांना दिसतं. पूर्वी हेच काम मी आठवडाभर फोनवर करायचे. रुसवे काढायचे, चहा पाजायचा, कुणाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची. काल एकवीस मिनिटांत आटोपलं. बटणवाल्या चेट्टियारांचा घाबराघुबरा फोन आला, "अक्का, नातवाने बोट लावलं हो, तो माझा भाव नाही!" मी म्हटलं, आता तोच तुमचा भाव. हसले, पण नंतर जेवण गेलं नाही.

साहेब म्हणाले, "मंगैअक्का, तुम्ही फार पटकन शिकलात." करारावर सही राहिली आहे, ती बारा वाजल्यावर करीन.

११ मार्च, सोमवार. आठ वाजून दहा.

आजपासून गुण मोजायला सुरुवात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे इलॅस्टिकचे वार लागले आहेत. सकाळी शांत आहे. पावणेआठालाच अण्णांची गाडी आली, फडकं घेऊन काच पुसतायत. त्या गाडीची काच या माणसाने इतकी पुसली आहे की एक दिवस तिच्यातून आरपार हात जाईल.

दोन जणांनी नोकरी सोडली. सात होतो, पाच राहिलो.

२२ मार्च, शुक्रवार. अकरा वाजून दहा.

अण्णांनी तोंडघशी पाडलं. गुण एकाहत्तर! सोमवारी तासभर उशीर, बुधवारी सव्वा तास, गेल्या शुक्रवारी पुन्हा तासाच्या वर. साहेबांनी बैठकीत तक्ता पडद्यावर लावला. अण्णांचं नाव लाल रंगात, आणि वर त्यांनी विचारलं, "यांची शिफारस कुणाची?" माझी.

साठी जवळ आली की माणूस ढिला पडतो, दुसरं काय. आत्ता खाली बघते तर गाडी उभी आहे आणि अण्णा पायरीवर बसून शांतपणे पेपर वाचतायत. गुण चाललेत खाली आणि यांचा निवांतपणा बघा! आज मी हात वर केला नाही.

१ एप्रिल, सोमवार. आठ वाजता.

गुण चौसष्ट. पिवळी गाडी खाली. मी खुर्ची फिरवून बसले आहे.

९ एप्रिल, मंगळवार. तीन वाजून वीस.

राहुकाळ लागायच्या आत, अडीचला, अण्णांना फोन लावला. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याशी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्यावं लागलं.

"अण्णा, उशीर फार होतोय."

"मी वेळेत असतो, अम्मणी."

"अहो, मशीनमध्ये वेळ नोंदली जाते. मशीन खोटं कशाला बोलेल?"

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल. बघणाऱ्याला दिसतंय, मी काय सांगू?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. जेवलात का?"

मला इतका राग आला! चूक करायची आणि वर सोशिकपणाचा आव आणायचा. ते भांडले असते तर मी दहा गुणांसाठी साहेबांशी भांडले असते.

२४ एप्रिल, बुधवार. एक वाजायला दहा कमी.

बाद करायच्या पुरवठादारांची यादी समोर आहे. अकरा नावं. शिलाईचा दोरावाला, लेबलवाला, पुठ्ठ्याच्या खोक्यांची विधवा बाई, सातवं नाव कुळंदैवेल, गुण अठ्ठावन्न. यंत्रणेने नावं काढली, पण शेवटचं बटण खरेदीप्रमुखाने दाबायचं असतं. म्हणजे मी, कारण खात्यात आता आम्ही चौघंच आहोत आणि मी सगळ्यांत जुनी.

साहेबांना हे जेवणाच्या सुट्टीआधी हवं होतं. मी सांगितलं, सर्व्हर हळू चाललाय. दीड वाजून गेल्यावर दाबीन. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान वेळ तरी चांगली असावी. सकाळी यळिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "अम्मा, मशीनला कुठे राहुकाळ कळतो?" मी म्हटलं, मशीनला नसेल, मला कळतो ना.

खाली माडसामी आणि अण्णा डब्यातला दहीभात वाटून खातायत. अण्णांना माहीत नाही.

१४ मे, मंगळवार. चार वाजायला वीस.

तिघं राहिलो. मी त्यातली एक, पगारही वाढला. यळिनीला अंगठी घेतली.

सुरतेहून नवं इलॅस्टिक आलं. लालभडक लॉरी, मोठी कंपनी. मी स्वतः ताणून पाहिलं, पन्नास धुण्यांनंतर पुन्हा ताणून पाहिलं. उत्तम आहे. देवा, खोटं कशाला लिहू, ते खराब निघावं असं मला वाटत होतं. निदान साहेबांना म्हणता आलं असतं की बघा.

आता कडुनिंबाखाली फारसं कुणी नसतं. रोज हा दीड तास संपता संपत नाही. कशात मन लागत नाही, उठून उगाच फाइली लावते आणि पुन्हा विस्कटते.

३ जून, सोमवार. आठ वाजून वीस.

खाली तमाशा चालू आहे. सुरतेची लॉरी आज सकाळीच आली आणि माडसामीने फाटक लावून घेतलं. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून उभा. माडसामी त्याला कॅलेंडरचं पान दाखवतोय. ड्रायव्हरला तमिळ येत नाही आणि माडसामीला दुसरं काही येत नाही. महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

५ जून, बुधवार. सव्वाबारा.

हसू आवरलं. सुरतवाल्यांची मेल आली आहे. "आमची गाडी सोमवारी सात वाजून बावन्न मिनिटांनी आपल्या फाटकावर पोचली, उपग्रहाची नोंद सोबत जोडली आहे. आपण मात्र आल्याची वेळ नऊ वाजून चार मिनिटं दाखवली. आमचे गुण कापले, ते परत द्यावेत." साहेबांनी मेल वाचली, मला फक्त "दुरुस्त करा" म्हणाले, आणि मी पाच मिनिटांत दुरुस्त केले. मग जागेवर येऊन बसले.

नऊ वाजून चार. फाटक उघडल्यावर माडसामी स्कॅन करतो. गाडी आत आली की. चौकीत, टेबलाशी, कारण स्कॅनर साखळीने बांधलेला आहे.

ही वही मागे उलटली. अकरा मार्च, सोमवार, माझ्याच अक्षरात: पावणेआठालाच अण्णांची गाडी आली. यंत्रणेत पाहिलं: नऊ वाजून सहा, उशीर. बावीस मार्च, शुक्रवार, अकरा दहाला अण्णा पेपर वाचतायत. यंत्रणेत: बारा वाजून तीन, उशीर. एक एप्रिल, मी खुर्ची फिरवली तो दिवस. उशीर. प्रत्येक नोंद.

त्यांना सगळ्या वेळा राहुकाळातल्याच मिळाल्या होत्या. बाकी कुणी त्या निवडल्या नाहीत, त्या रिकाम्या राहिल्या, आणि "कोणतीही वेळ चालेल" असं ज्याने लिहिलं त्याच्या पदरात यंत्रणेने टाकल्या. आणि ते लिहिलं होतं मी.

मी रोज वर बसून त्यांना बघत होते. हे वहीत आहे, पेनाने लिहिलेलं आहे.

७ जून, शुक्रवार. अकरा वाजायला दहा कमी.

काल वही घेऊन कदिर साहेबांकडे गेले. खासगी पानं होती, तरी उघडून समोर ठेवली. त्यांनी तीन नोंदी वाचल्या. चेहरा उतरला, पण माणूस हुशार आहे, लगेच सावरला.

"मंगैअक्का, तुमच्या डायरीवरून मी ग्राहकाला काय उत्तर देऊ?"

"सुरतवाल्यांच्या मेलवरून दिलंत तेच."

"त्यांच्याकडे उपग्रहाची नोंद होती."

"माझ्याकडे खिडकी आहे."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, बाद झालेल्याला यंत्रणा परत घेत नाही, पण नवा पुरवठादार म्हणून अर्ज करता येईल. सहा खेपा वेळेत आणल्या तर पुन्हा आत. मी म्हटलं, मग आधी फाटकाचा नियम बदला. त्यावर साहेबांनी दार लागलंय का ते पाहिलं.

"बाबांचा नियम मी मोडला हे अम्माला कळलं तर ती घरात अन्नाला शिवणार नाही. तुम्हीच काहीतरी बघा ना, अक्का."

सगळी कंपनी पडद्यावर आणणारा माणूस आईला घाबरतो. मला हसू यायला हवं होतं.

१२ जून, बुधवार. एक वाजता.

रविवारी अण्णांच्या शेडवर गेले होते. तीन दिवस लिहिलं नाही.

लांबूनच आवाज कमी वाटला. आत बारापैकी पाच माग होते. सात ईरोडच्या भंगारवाल्याने नेले, त्यांच्या जागी जमिनीवर तेलाचे चौकोनी डाग राहिलेत. पाचांवर चपलांचे पट्टे विणत होते. अण्णांच्या बायकोने पाणी दिलं आणि पुन्हा मागाशी जाऊन बसली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वेळा कशा लागल्या, स्कॅन कुठे होतं, अर्जात मी काय लिहिलं, आणि नव्या पुरवठादाराचा अर्ज मी भरून ठेवलाय तेही. अण्णा पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिले.

"हे मला ठाऊक होतं, अम्मणी. गाडी बाहेर असते, नोंद आत होते. मी आणि माडसामी रोज बोलायचो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर वर खिडकीत बसून बघत होता. मी यायचो तेव्हा हात वर करायचात. मग एक दिवस हात बंद झाला, नंतर खुर्ची फिरली. मला वाटलं, यांना सगळं दिसतंय. यांनाच मी नको झालोय, तोंडावर सांगवत नाही म्हणून मशीनचं नाव पुढे केलंय. मग भांडून तुम्हाला अजून कशाला लाजवायचं?"

मी रडले. त्यांच्या बायकोसमोर, विणकरांसमोर, मोठ्याने रडले. सतरा वर्षांची ओळख, आणि मी असं काही करू शकेन हे त्या माणसाला सहज पटलं होतं. ते मला जास्त लागलं की सात माग, हे अजून ठरवता येत नाही.

शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "पुरे आता. पाच मागांचं इलॅस्टिक चालेल का ते विचारा त्यांना."

अण्णांनी विचारलं, "वेळ कुठली दिलीय?"

मी डोळे पुसून मोबाइल पाहिला. सोमवार, पावणेआठ ते सव्वाआठ.

ते हसले. "पण एक सांगतो, अम्मणी. माडसामीने फाटक उघडलं तरी पहिली गाडी मी राहुकाळात आत घालणार नाही. अय्यांसाठी नाही, माझ्यासाठी."

२४ जून, सोमवार. सकाळी सव्वाआठ.

आज ही वही कडुनिंबाखाली बसून लिहितेय, पिवळ्या गाडीच्या पायरीवर.

साडेसातला चौकीत गेले. माडसामीला म्हटलं, "फाटक उघडू नका. फक्त स्कॅनर द्या." साखळीच्या कुलपाची किल्ली कुठे गेली कुणालाच माहीत नव्हतं, कुलूप मी आणलं होतं, तेव्हा तीही मीच हरवली असणार. माडसामीने पक्कड आणली. "मॅडम, मोडू? सरकारी नाही ना?" कडी तुटायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

सात अठ्ठेचाळीसला गाडी आली. मी फाटकाच्या लहान दारातून बाहेर पडले. राहुकाळात, हातात स्कॅनर, नवं काम. अण्णांनी मागचं दार उघडलं, मी पहिल्या गठ्ठ्यावर लाल उजेड धरला. टुक. पडद्यावर हिरवी अक्षरं: सात एकोणपन्नास, वेळेत.

"एवढंच?" अण्णा म्हणाले.

"एवढंच."

"हे मार्चमध्ये नसतं करता आलं?"

मी स्कॅनर पुढच्या गठ्ठ्यावर धरला. अण्णा फडकं काढून काच पुसायला लागले. गाडी नऊ वाजता आत जाईल, तोवर आम्ही इथेच. माडसामीने तिघांना चहा आणला आहे. अण्णा माझ्याशी बोलतायत, पण मोजून. पूर्वीसारखं होईल की नाही, माहीत नाही.

त्या यादीतली बाकीची दहा नावं मी पुन्हा तपासली. सहा जणांच्या वेळा राहुकाळातल्या निघाल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बाईंचाही अर्ज मीच भरला होता. आठवडाभर मी त्यांना फोन करायला चांगली वेळ बघतेय आणि ती सापडत नाही. कधी बैठक असते, कधी धीर होत नाही. बाद करताना मात्र मी अगदी चांगली वेळ बघितली होती.

उद्या मंगळवार. राहुकाळ तीन ते साडेचार. सव्वातीनला पहिला फोन त्यांना लावणार आहे.